कोकिळेचा आखूड रिपोर्ट

कोकिळे,

तुझ्या निरोपाच्या कार्यक्रमात डॉक्टर नंदकुमारांनी माईक हातात घेऊन सांगितलं, की कोकिळाताईंनी आयुष्यात कधी कुणाला दुखावलं नाही. तुझ्या लॅबच्या रिपोर्टांवर इतकी वर्षं सही करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टनं असं म्हणावं, याचं मला नवल वाटलं. मी पहिल्याच रांगेत होते. तू माझ्याकडे बघायचं टाळत होतीस, कारण बघितलं असतंस तर दोघींना हसू आवरलं नसतं. लोधीपुऱ्यात तू न दुखावलेला माणूस शोधायला निघालं तर संध्याकाळ होईल. मग शाल झाली, नारळ झाला. कुणी तुला सेवाभावी म्हटलं, कुणी मृदुभाषी. मृदुभाषी म्हटलं तेव्हा मात्र मी उठून पाणी प्यायला गेले.

घरी आल्यावरही राग जाईना. मी ओळखते ती बाई त्या भाषणांत कुठेच नव्हती. म्हणून हे लिहायला घेतलं. यातलं बरंचसं तुला माहीत आहे, पण हे दुसरेही वाचतील, तेव्हा माझीच गोष्ट मला काय सांगता म्हणून कुरकुर करू नकोस.

तू चांदनी गावाकडच्या शेतकरी घरातली. इंदूरला जाऊन मायक्रोबायोलॉजी शिकलीस. पोरगी कशाचं शिकते असं कुणी विचारलं की तुझे वडील सांगायचे, जंतू पाळायचं. शिकून आलीस, लग्न केलंस, हिमानी झाली, आणि लोधीपुऱ्याच्या त्या अरुंद जिन्यावरच्या दोन खोल्यांत लॅब काढलीस. जिना इतका उभा, की गुडघे दुखणारे पेशंट खालूनच बाटली वर पाठवायचे. बाटल्या तरी कसल्या. खोकल्याच्या औषधाची, खोबरेल तेलाची, एकदा तर सरबताची, आत सरबताचा रंगसुद्धा शिल्लक. तू ती खिडकीतून वर धरायचीस आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला विचारायचीस, “काकाजी, यात लघवी किती अन् शरबत किती?” मग लॅबची निर्जंतुक डबी त्याच्या हातात यायची, आणि पहिली धार सोडून मधली कशी धरायची याचा धडा त्याला गल्लीतल्या सगळ्यांसमोर मिळायचा. तो माणूस खजील होऊन जायचा, पण पुढच्या वेळी बरोबर आणायचा. हीच तुझी शिकवायची पद्धत. आवाज कमी करता येतो हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझं आणि तुझं नातं बाटल्यांमुळेच जुळलं. मी बँकेतून निवृत्त झाले आणि माझा मुलगा स्वप्निल, म्हणजे डॉक्टर, त्याच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसायला लागले. नंबर लावायचे, फाइली काढायच्या, रिपोर्ट आला की नाही बघायचं. घरी बसून सुनेच्या कामात लुडबुड करण्यापेक्षा ते बरं. रिपोर्ट घ्यायच्या निमित्तानं मी तुझ्याकडे यायला लागले, आणि रिपोर्ट तयार असला तरी चहा होईपर्यंत बसायला लागले. तू मला काकू म्हणायचीस आणि माझ्या बी.एस्सी.ची थट्टा करायचीस, कारण मी शिकले तेव्हा म्हणे अर्धे जंतू जन्माला यायचे होते.

कल्चर म्हणजे काय ते मला तुझ्या खिडकीतल्या उजेडात कळलं. काचेच्या झाकणासारखी चपटी ताटली, तिच्यात घट्ट झालेल्या खिरीसारखा थर. त्या थरावर पेशंटचे जंतू पसरायचे. वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी बघायचं. ज्या टिकलीभोवती जंतू वाढलेच नाहीत, मोकळं रिंगण राहिलं, ते औषध लागू पडणार. जिच्याभोवती जंतू थेट टिकलीला भिडले, ते वाया. तू ताटली उजेडाकडे धरून पट्टीनं रिंगण मोजायचीस आणि मोजता मोजता हिंदीत शिव्या घालायचीस. मला वाटायचं ही कामाची सवय आहे. नंतर कळलं, की तू खरोखर चिडलेली असायचीस. ती रिंगणं वर्षावर्षाला आखूड होत चालली होती. गावात डॉक्टर होते, औषधवाले होते, पेशंट होते, पण हे आखूड होणं रोज डोळ्यांनी बघणारी तू एकटी.

तेव्हा तुझा रिपोर्ट लांबलचक असायचा. एकाखाली एक वीस-बावीस औषधांची नावं, पुढे एस किंवा आर. एस म्हणजे चालेल, आर म्हणजे नाही. वर साधी जुनी औषधं, खाली खाली भारी होत गेलेली, आणि तळाशी ती इंजेक्शनं, जी दवाखान्यात मरणाच्या दारातल्या माणसासाठी राखून ठेवायची असतात. आता गंमत अशी, की आपल्याकडे लोक हा कागद तळापासून वाचायचे. शेवटचं ते सगळ्यात भारी, आणि भारी ते सगळ्यात चांगलं. पेशंट तो रिपोर्ट घेऊन सरळ जीवनच्या औषधांच्या दुकानात जायचे, बोट ठेवायचे आणि म्हणायचे, यातलं खालचं द्या. आमचा स्वप्निलही त्यातलाच, मुलगा असला म्हणून मी झाकून ठेवणार नाही. त्याचं म्हणणं, माणूस खेड्यातून दोन बसा बदलून येतो, परत येईलच याचा भरवसा नाही, तर एकदाच जोरदार द्यावं. ऐकायला पटतं. ताटल्या बघेपर्यंत मलाही पटायचं.

मग तो दिगंबर आला.

मी त्या दिवशी तुझ्या बाकावर चहाचा कप घेऊन बसले होते. दिगंबर केळीवाला, पोटापुरती इंग्रजी अक्षरं वाचणारा, नीटनेटका माणूस. त्याच्या बायकोचा, आशाबाईचा, लघवीचा रिपोर्ट त्यानं आदल्या दिवशी नेला होता. तो कागद आणि एक छोटी पुडी त्यानं तुझ्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. पुडी शेतीच्या औषधाची. केळीचा कंद कुजू नये म्हणून लावणीआधी पाण्यात कालवून त्यात बुडवतात ना, ती.

“मॅडम,” तो म्हणाला, “हे टेट्रासायक्लिन नाव कागदावर हाय, पुढे एस हाय. हेच नाव पुडीवर बी हाय. घरी पडेल होती. आता तिले लिटरभर पाण्यात किती टाकून द्यायचं, तेवढं सांगा.”

तू जी ओरडलीस, ती खालच्या गल्लीतल्या कुत्र्यांनी ऐकली असेल. “दिगंबरभाऊ, ती बायको आहे का खोड आहे?” पुडी हिसकावून घेतलीस. त्यात जंतू मारणाऱ्या दुसऱ्या औषधाची भर असते, ती माणसाच्या पोटात जायची नसते, हे सगळं त्याला सुनावलंस. तो बिचारा शांतपणे म्हणाला, की म्हणूनच विचारायला आलो, न विचारता दिली नाही. आशाबाईला स्वप्निलकडे पाठवायचं त्यानं कबूल केलं आणि गेला.

तो गेल्यावर तू त्या रिपोर्टाची लॅबमधली प्रत काढलीस आणि वरपासून खालपर्यंत वाचलीस. चहा निवला. मग म्हणालीस, “काकू, त्याची काय चूक? मीच त्याला बाजाराची यादी दिली. यातलं जे परवडेल ते घ्या म्हणून. त्यानं घरात होतं ते उचललं, डॉक्टरलोक भारी असतं ते उचलतात. यादी तर माझीच ना?”

हे तुझं नंदकुमारांनी स्टेजवर सांगायला हवं होतं. बाकी शाल-नारळ कुणालाही मिळतो.

त्यानंतर तू आणि नंदकुमारांनी बसून रिपोर्टाची पद्धत बदलली. तपासणी पहिल्यासारखीच सगळ्या औषधांची. पण साधं औषध चालत असेल, तर कागदावर साध्याचीच नावं छापायची. तीन, फार तर चार. भारी औषधांचा निकाल लॅबमध्ये ठेवायचा, डॉक्टरनं फोन केला की लगेच सांगायचा. साधी चालतच नसतील, तर पुढची नावं कागदावर आपोआप येतील. आणि ज्याला काही त्रास नाही, ताप नाही, जळजळ नाही, पण लघवीत जंतू दिसले, त्याच्या रिपोर्टाखाली हिंदीत एक ओळ. ती ओळ पुढे नडली, पण ते येतंच.

लोकांना वाटलं आपण फसलो. फी तेवढीच आणि नावं तीनच. एकानं तर उरलेला कागद मागितला, म्हणाला माझा अर्धा तुमच्याकडेच राहिला. जीवन दुकानात बसून म्हणायचा, की कोकिळाताईंची शाई संपली वाटतं. तू त्याच्या दुकानापुढून जाताना मुद्दाम थांबून त्याला विचारायचीस, भारी इंजेक्शनाचा खप कसा काय, पोरीचं लग्न त्यावरच काढणार का. त्यालाही तुझी मजा वाटायची. खरा प्रश्न त्याचा नव्हताच. खरा प्रश्न माझ्या घरात जेवायला बसत होता.

तुझ्याकडे येणाऱ्या नमुन्यांतले निम्मे आमच्या दवाखान्यातून यायचे. ते बंद झाले तर तुझी लॅब बंद, हे तुला कळत होतं, स्वप्निललाही, आणि दोघांच्या मध्ये बसलेल्या मलाही. सुरुवातीला तो काही बोलला नाही. आखूड रिपोर्ट आला की भुवया वर करायचा, तिनांतलं एक लिहायचा. मला वाटलं निभलं.

आणि मग दीपालीचा रिपोर्ट आला. दीपाली आमच्या शेजारच्या घरची सून, पहिलटकरीण. थकवा येतो म्हणून स्वप्निलनं तपासण्या लिहिल्या होत्या. त्रास काही नाही, पण लघवीत जंतू निघाले. तुझ्या रिपोर्टाखाली ठळक ओळ होती: उपचार की आवश्यकता नहीं. आता गरोदर बाईच्या लघवीत जंतू असले तर त्रास नसतानाही औषध द्यावं लागतं, नाहीतर मूत्रपिंडापर्यंत जातं, बाळालाही धोका. स्वप्निलनं औषध लिहिलं. तिची सासू रिपोर्ट नाचवत दवाखान्यात आली, की लॅबवालीनं नको लिहिलंय, तुम्ही का देता, पोटातल्या बाळाला काय झालं तर. भरल्या दवाखान्यात. स्वप्निलनं समजावलं, दीपालीनं औषध घेतलं, पुढे सगळं नीट झालं. पण त्या दिवशी तो आत आला आणि मला म्हणाला, की उद्यापासून कोकिळाताईंकडे काही पाठवायचं नाही. इंदूरच्या तपासणी-कंपनीचा माणूस रोज मोटरसायकलवर येतो, त्याच्याकडे द्यायचं.

मी म्हटलं, एका ओळीसाठी. तो म्हणाला, ओळीसाठी नाही, माझ्या खुर्चीत त्या येऊन बसल्या म्हणून.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मी तुला तेव्हाही तोंडावर सांगितलं. तू म्हणालीस, मग त्यांनी फोन करायचा होता. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, मग त्यांनी आधी विचारायचं होतं. मी दोघांचे निरोप इकडून तिकडे करत होते आणि दोघंही मलाच ऐकवत होतात. तू जुना रिपोर्ट परत सुरू केला असतास तर गोष्ट तिथेच संपली असती. कॉम्प्युटरमध्ये तो होताच, एक बटण दाबायचं. हिमानीनं फोनवर तेच सांगितलं तुला. तू बटण दाबलं नाहीस. लॅबमध्ये बाटल्या कमी झाल्या, तुझ्या हाताखालच्या प्राजक्ताला काम उरेना, ती फडकं घेऊन स्वच्छ काचा पुन्हा पुसायची. मला तुझ्याकडे येऊन चहा प्यायची लाज वाटायला लागली, तरी मी येत होते. तू स्वप्निलबद्दल एकही वाकडा शब्द काढला नाहीस. चक्क तू. त्यावरून मला कळलं, की तू घाबरली आहेस.

त्याच सुमारास माझ्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि त्याआधीच्या तपासण्यांत माझ्याच लघवीत जंतू निघाले. नमुना अर्थात इंदूरला गेला होता. रिपोर्ट आला दोन पानी, रंगीत, पंचवीस नावं, हिरव्या रंगात एस आणि लाल रंगात आर. स्वप्निल तसा शांत डॉक्टर, पण पेशंट आई असली की त्याचं डोकं चालत नाही. तळाच्या हिरव्या नावांतलं एक त्यानं चिठ्ठीवर लिहून टाकलं. मी चिठ्ठी घेतली, जीवनच्या दुकानावरून पुढे गेले आणि तुझा जिना चढले.

तू कागद वाचलास आणि मला एकेक विचारायला लागलीस. जळजळ होते का? नाही. ताप, कंबरेत दुखणं? नाही. रात्री उठावं लागतं का? म्हटलं, या वयात कोण उठत नाही.

“मग राहू द्या जंतू, काकू.”

“राहू द्या काय? भाडेकरू आहेत का माझे?”

“तसंच समजा. म्हाताऱ्या बायकांत असतात. त्रास देत नाहीत तोवर कशाला खटला घालता? अन् हकलायला गेलात तर जे परत येतील, ते गुंड येतील.”

हे सांगितलंस, आणि लगेच हात आखडता घेतलास. म्हणालीस, पण घेऊ नका असं मी म्हणणार नाही, तुमचे डॉक्टर ते आहेत. एकदा अशी ओळ लिहून बघितली, पुरे झालं. त्यांना म्हणा मला फोन करा. मी म्हटलं तो करायचा नाही. तू म्हणालीस, मग मी पण करायची नाही. साठीच्या घरात आलेली बाई तू, आणि पन्नाशीचा माझा मुलगा, आणि वागणं शाळेतल्या पोरांसारखं.

मी दवाखान्यात परत आले. स्वप्निलच्या खोलीत पेशंट नव्हता. मी माझ्या फोनवरून तुझा नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन त्याच्या टेबलावर ठेवला.

“घे. बोल.”

“आई, बाहेर पेशंट आहेत.”

“बाहेर मीच बसते. मला माहीत आहे किती आहेत.”

फोनमधून तुझा आवाज आला, अगदी औपचारिक. “हां डॉक्टरसाहब. काकूंच्या रिपोर्टबद्दल बोलायचं होतं.”

“आधी दीपालीबद्दल बोला,” तो म्हणाला.

मला वाटलं आता ठेवते ही फोन. मग म्हणालीस, “ती ओळ माझी चुकली. ‘नहीं’ लिहायला नको होतं. जिला बघितलंच नाही तिच्याबद्दल मी नाही कसं म्हणणार? पण डॉक्टरसाहब, बाटलीबरोबरच्या तुमच्या चिठ्ठीवर काय होतं सांगू? नाव, अन् वय, ते बी अंदाजे. पोरगी पोटुशी आहे हे मला ताटली सांगते का?”

स्वप्निलनं माझ्याकडे बघितलं. चिठ्ठ्या बऱ्याचदा मीच लिहिते आणि तो खाली सही करतो, पण तो सांगतो तेवढंच मी लिहिते, तेव्हा मीही त्याच्याकडे तसंच बघितलं.

“बरं,” तो म्हणाला. “आणि औषधांची नावं कुणाला विचारून काढलीत?”

“नंदकुमारांखेरीज कुणालाच नाही. विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?”

“नसतो म्हणालो.”

“मग?”

“तरी विचारायचं, कोकिळाताई.”

“हे बी बरोबर आहे,” तू म्हणालीस. तुझ्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात एवढं एकदाच ऐकलं आहे.

त्यानंतर तुमचं दोघांचं जे सुरू झालं, ते थांबेना. बाहेर पेशंट खोकून खोकून आठवण करून द्यायला लागले. ठरलं ते असं. चिठ्ठीवर त्रास काय आहे, आधी कोणतं औषध झालंय, बाई गरोदर आहे का, हे लिहिल्याशिवाय आमच्याकडून बाटली जाणार नाही. रिपोर्ट आखूडच राहील. पण जंतू कोडगे निघाले, तर कागद छापण्याची वाट न बघता तू फोन करायचास. आणि खालची ओळ दोघांनी मिळून लिहायची.

मी मध्ये विचारलं, की माझ्या औषधाच्या चिठ्ठीचं काय करायचं.

“तुला काही त्रास होतो का?” स्वप्निलनं विचारलं. पहिल्यांदाच विचारलं.

“होतो. तुम्हां दोघांचा.”

त्यानं चिठ्ठीवर आडवी रेघ मारली आणि ताप आला किंवा जळजळ झाली तर त्याच दिवशी सांगायचं अशी ताकीद दिली. ऑपरेशन झालं, डोळा उत्तम आहे. जंतूंची चौकशी मी केलेली नाही.

ती ओळ लिहायला तुम्ही आमच्या घरी बसलात, ते मी विसरणार नाही. एका ओळीसाठी माझे पोहे संपले, चहा दोनदा झाला. तुला ती कडक हवी होती, त्याला मऊ. शेवटी जी झाली ती साधी होती: त्रास नसेल तर औषधाची सहसा गरज नसते, गरोदरपणात किंवा मूत्रमार्गाच्या ऑपरेशनाआधी असू शकते, डॉक्टरांनी बघून ठरवावं. ‘सहसा’ हा शब्द स्वप्निलचा. ‘बघून’ हा तुझा, आणि तो त्याला टोचावा म्हणूनच घातला होतास. त्याला कळलं. त्यानं राहू दिला.

बाटल्या परत तुझ्याकडे जायला लागल्या. प्राजक्ताच्या हातातलं फडकं सुटलं. माझ्या टेबलावरून लॅबला जाणाऱ्या चिठ्ठ्यांवर मी स्वतः नजर ठेवायचे, आणि स्वप्निल लिहून द्यायचा त्या औषधांवरही. तळची नावं क्वचित दिसायला लागली. कारण साधं आहे, डोळ्यांसमोर नव्हती. मुद्दाम फोन करून भारी औषध मागायचं म्हणजे माणूस आधी क्षणभर विचार करतो, की मला ते खरंच हवंय का. तेवढा क्षण पुरायचा.

आणि तुझा सकाळी चहाच्या वेळी फोन आला की स्वप्निल हातातला कप खाली ठेवायचा. रजनीबाईंच्या वेळी तसा आला होता. जुनाट दुखण्यानं खंगलेली बाई, आदल्या दिवशी थंडी वाजून ताप. तुझ्या ताटलीवर एकाही साध्या टिकलीभोवती रिंगण नव्हतं. राखीव औषधांतलं कोणतं चालतंय ते तू सांगितलंस, आणि दुपारच्या आत तिला दाखल करून ते सुरू झालं. ती वाचली. जेवताना स्वप्निल म्हणाला, की हे नाव इंदूरच्या कागदावर रोज दिसायचं, त्यामुळे आजचा दिवस वेगळा आहे हे मला कळलंच नसतं. मी तुला हे सांगितलं, तेव्हा तू एवढंच म्हणालीस, की त्यांना सांगा चिठ्ठीवर अक्षर नीट काढा. पण त्या दिवशी चहात साखर जास्त पडली होती.

शहरातले आणखी काही डॉक्टर मग तुझ्या आखूड रिपोर्टाला सरावले. काही अजूनही सरावलेले नाहीत, ते बाटल्या बाहेर पाठवतात. त्यांतला एक बहादरपूरचा सुधाकर. कॉलेजात माझ्या वर्गात होता, मग मेडिकलला गेला, अजून दवाखाना चालवतो. पंचक्रोशीतले केळीवाले त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. त्याला फोनवर सांगून बघितलं, तो म्हणाला, निर्मला, मला पूर्ण यादी लागते, मी जुना माणूस आहे. तू म्हणालीस, त्याला सांगून काही होणार नाही, त्याला ताटली दाखवायला पाहिजे. आखूड झालेली रिंगणं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली की कुणीही गप्प बसतो. ताटली काही लॅबबाहेर नेता येत नाही, म्हणजे सुधाकरलाच लॅबमध्ये आणायचा. तर असं ठरलं, की ज्या दिवशी दाखवण्याजोगी ताटली निघेल, त्या सकाळी तू मला फोन करायचास, मग आपण दोघी रिक्षा करून बहादरपूरला जायचं आणि त्याला बसवून घेऊन यायचं.

ताटली निघायची तेव्हा माझ्या टेबलावर गर्दी असायची. मी मोकळी असायचे तेव्हा तुझ्या ताटल्या साध्या निघायच्या, आणि साधी निघाली याचं वाईट वाटून घ्यावं का, यावर आपण हसायचो. एकदा सगळं जमलं, तर सुधाकर लग्नाला खंडव्याला गेलेला. मग तुझे गुडघे. मग हिमानी नाशिकहून आली आणि तुझं सामान बांधून तुला घेऊन गेली.

आता सकाळी ताटल्या प्राजक्ता काढते. तू तिला काय सांगून गेली आहेस कोण जाणे, पण तशी ताटली निघाली की ती मला फोन करते. परवाही केला. म्हणाली, काकू, आज बघण्यासारखी आहे. मी स्वप्निलला टेबल सांभाळायला सांगितलं, चपला पायांत सरकवल्या, रिक्षासुद्धा थांबवली. सुधाकरला गाडीत बसवायचं काम माझं आणि लॅबमध्ये त्याच्याशी भांडायचं तुझं, असं ठरलं होतं आपलं. रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं जायचं. मी त्याला जा म्हटलं आणि परत आत येऊन बसले. बहादरपूरला जायचं आपलं राहिलं, ते राहिलंच.

तुझी,
निर्मलाकाकू